गल्लीच्या मधली रेघ

लोमा दे सान हासिंतो
६ जून १९९३

कोमाद्रे तार्हेलिया,

हे पत्र आब्दोनभाऊंच्या बसने पाठवते आहे. त्यांनी ते माझ्यासमोरच ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या संताच्या तसबिरीमागे खोचलं. म्हणजे पोचेल. पोस्टावर माझा तेवढा विश्वास नाही.

शाळेत एका बाकावर बसून आपण अगं-तुगं केलं, आणि माझ्या नार्सिसाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही तिची धर्ममाता झालात त्या दिवसापासून रीतीप्रमाणे 'कोमाद्रे' आणि 'तुम्ही'. वीस वर्षं झाली, तरी कामाचं काही मागायचं असलं की माझी लेखणी या 'तुम्ही'शी अडखळते. आज मागायचंच आहे.

आपल्या गल्लीचा रस्ता होईल असं दिसतंय. मागच्या वर्षी मी समितीची सेक्रेटरी झाले तेव्हा अध्यक्ष सेगुंदोकाका म्हणाले होते, "बाई, तुमचं काम फक्त अर्ज लिहायचं, उत्तराची वाट बघायची नाही." यंदा उत्तर आलं. पालिकेत बालसेका नावाचे नवे इंजिनियर आलेत. ते स्वतः चढ चढून वर आले, दोनदा बसले, पण आले. त्यांचं म्हणणं असं की गाडीरस्त्याचा परवाना हवा तर रुंदी कुठेही सहा मीटरच्या खाली नको. गल्लीत सगळीकडे सहा भरतात. फक्त तुमच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये तीन आहेत.

कमी पडणारे तीन मीटर आराखड्यात तुमच्या बाजूने घेतलेत. म्हणजे तुमच्या एलादिओंनी बांधलेली भिंत आणि तिच्या आतल्या अंगणाची पट्टी. घराला धक्का नाही. त्यासाठी तुमची नोटरीसमोर केलेली संमती लागेल, तीस ऑगस्टच्या आत. तोवर परवाना निघाला नाही तर यंदाचा रस्ता ओढ्यापलीकडच्या एल मिरादोरवाल्यांना जाईल. त्यांच्या अध्यक्षाने रस्त्याला स्वतःच्या आईचं नाव द्यायचं आताच ठरवलंय म्हणे.

दर रविवारी मिंगा असते, सगळ्या गल्लीचं श्रमदान. पाण्याच्या चरीचा परवाना वेगळा, तो मिळालाय, म्हणून आधी चर खणतोय. नेहमीसारखंच, घरटी एक माणूस, फावडं ज्याचं त्याचं, जेवण सगळ्यांचं. हजेरीला आमच्या घराची नार्सिसा असते, आणि तुमच्या घराचं नाव वाचलं की मी 'हजर' म्हणते. तुमच्या घरापुढे गैरहजेरीची एकही काट पडू दिलेली नाही. घर रिकामं असलं म्हणून काय झालं!

नार्सिसाच्या केस कापायच्या दुकानाला वर्ष झालं. आमच्या पुढच्या खोलीतच आहे. गिऱ्हाइकं वाढताहेत.

तुमच्या सहीची वाट पाहणारी,
पिएदाद

&nbsp;

गुआयाकिल
२० जून १९९३

कोमाद्रे,

पत्र पोचलं. संताच्या मागे राहून त्याला उदबत्तीचा नाही, डिझेलचा वास आला.

इथला उकाडा काय सांगू! देवापुढची मेणबत्ती न पेटवताच मान टाकते. सकाळी सकाळी लोक माशाचं कांदा घातलेलं सूप पितात आणि वर घाम पुसत म्हणतात की थंड वाटलं. मी तोंड उघडलं की भाजीवाली हसते, "डोंगरातून आलात ना?" सून विचारते, तुमच्याकडे लोक सूप सोडून काय खातात हो? मी म्हटलं, एक सूप संपलं की दुसरं सूप खातात. ती हसली नाही. ती हसत नाहीच फारशी.

माझं उत्तम चाललंय. विल्मेरने मला अगदी वरची खोली दिली आहे. वारा भरपूर.

नार्सिसाला म्हणावं, गिऱ्हाइकाचं डोकं धुताना गप्प राहायला शीक. बायका केस कापायला येत नाहीत, बोलायला येतात.

भिंतीचं म्हणाल तर, भिंत राहू द्या.

तुम्ही विसरला नसाल, पण मी लिहिते. शेवटच्या दुखण्यात एलादिओला खुर्चीला बांधून चौघांनी खाली नेलं. पाऊस पडून गेला होता, चौघंही घसरत होते. खाली हमरस्त्यावर अँब्युलन्स दिवे लावून उभी होती, ती चिखलातून एक वावही वर आली नाही. तेव्हा कोणी इंजिनियर चढ चढून आला नाही. आता रस्ता येतोय, आणि त्याला हवंय काय, तर त्याच माणसाने तीन उन्हाळे खपून बांधलेली भिंत. रस्त्याला म्हणावं, तुला यायला उशीर झाला, आता वळसा घालून जा.

सगळ्यांना आठवण सांगा.
तार्हेलिया

&nbsp;

लोमा दे सान हासिंतो
४ जुलै १९९३

कोमाद्रे तार्हेलिया,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. समितीत फक्त एवढंच सांगितलं की तुमचा विचार चालू आहे. हे खोटं आहे का, मला ठरवता आलं नाही.

तुमची अडचण भिंतीपुरती असेल तर तोड आहे. समितीने ठरवलंय की आत सरकवून नवी भिंत मिंगेतच बांधून द्यायची, सिमेंटच्या ठोकळ्यांची, सरळ ओळंब्यात. एलादिओंची भिंत मधे पोट सुटल्यासारखी झाली होती हे तुम्हीच म्हणत होतात. आणखी काही हवं असेल, फाटक वगैरे, तर स्पष्ट लिहा. आपल्यात घासाघीस कसली?

कोमाद्रे, रस्ता असता तर ती अँब्युलन्स वर आली असती. वरच्या अंगाच्या रोसालियाला सहावा महिना आहे. ऑक्टोबरात पाऊस लागेल तेव्हा तिलाही खुर्चीवरून न्यायचं का?

हे लिहून मी थांबले. तुमच्या नवऱ्याचं मरण माझ्या अर्जाला जोडायचा मला काय अधिकार? खोडणार होते. पण खरं आहे म्हणून ठेवलं. खरं असणं एवढं कारण पुरतं का, ते माहीत नाही.

उत्तर लवकर द्या.
पिएदाद

&nbsp;

लोमा दे सान हासिंतो
२१ जुलै १९९३

कोमाद्रे,

तुमचं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

इथे सगळं ठीक. रविवारची मिंगा मोठी झाली, सगळी घरं आली. जेवणाला रस्त्यावर चादरी जोडून उकडलेला मका, वालपापडीचे दाणे, बटाटे मांडले होते. तुमचं अंगणही लोकांनी झाडून स्वच्छ केलं. चरीचं काम बरंच पुढे गेलं आहे.

बाकीचं सविस्तर लिहीनच.
पिएदाद

&nbsp;

गुआयाकिल
२६ जुलै १९९३

पिएदाद,

आज 'कोमाद्रे' लिहिणार नाही आणि 'तुम्ही'ही लिहिणार नाही.

तुझं पत्र हातात देताना आब्दोनभाऊ म्हणाले, "तार्हेलियाबाई, काळजी करू नका, दगड एकही फुटला नाही. सगळे रचून ठेवलेत, वर पत्रा टाकलाय." मी म्हटलं, कसले दगड? त्यांचा चेहरा असा पडला की त्यांच्याच हाताला धरून मी त्यांना बाकावर बसवलं.

अंगण झाडून स्वच्छ केलं! भिंत पाडली की अंगण झाडावंच लागतं, पिएदाद. तू कॉलेजात शिकलीस, मुलांना शिकवतेस, आणि मला 'बाकीचं सविस्तर' लिहितेस?

मी पालिकेत तक्रार करणार आहे. माझ्या सहीशिवाय माझी भिंत पाडली, एवढ्या एका ओळीवर तुमचा परवाना जन्मभर निघणार नाही. अर्ज लिहायला मला तुझी गरज नाही.

आणि एक विचारते. ते तीन मीटर माझ्याच बाजूने का? रेघ कोणी मारली? समोरच्या बाजूला मोजपट्टी पोचत नव्हती का?

मी ऑक्टोबरात परत येणार होते. कायमची. कोणाला सांगितलं नव्हतं.

तार्हेलिया

&nbsp;

लोमा दे सान हासिंतो
१ ऑगस्ट १९९३

तार्हेलिया,

तू रागावून का होईना 'तू' म्हणालीस, म्हणून मीही म्हणते. नको वाटलं तर सांग.

मागच्या पत्रात मी लपवलं. तुझं उत्तर आलं की सांगू असं स्वतःला समजावत होते. हे कारण नव्हे, भीती होती. आता जसं झालं तसं लिहिते.

अठरा जुलैला सकाळी सेगुंदोकाकांनी हजेरी घेतली. तुझ्या घराचं नाव आलं, मी 'हजर' म्हणाले. मग शाळेचे तपासलेले पेपर मुख्याध्यापकांच्या घरी पोचवायचे होते म्हणून खाली शहरात गेले. दुपारी परतले तेव्हा भिंत नव्हती. सगळी गल्ली तुझ्या अंगणात उभी होती, घामेजलेली, खूश. दगड मापाने रचले होते, मोठे खाली, लहान वर. सेगुंदोकाका म्हणाले, "बघा सेक्रेटरीबाई, इंजिनियरसाहेबांना एक काम कमी!"

"कोणाच्या परवानगीने?" मी ओरडलेच.

"तुमच्या!" ते खरोखर गोंधळले होते. "सकाळी तुम्ही त्या घराच्या हजर होतात ना? मिंगेला जो हजर तो त्या घराचा बोलता माणूस. भिंतीची गोष्ट निघाली तेव्हा त्या घराचं कोणी नाही म्हणालं का? नाही. मग झालं तर."

"मी इथे नव्हते काका."

"हजर म्हणून गेलात की!"

मला राग येईना. लहानपणापासून आपण हेच पाहिलंय. घरातलं जे माणूस फावडं घेऊन येतं, त्याच्या शब्दावर त्या घराचं झाड तोडलं जातं, पाट वळवला जातो, कोणी सही मागत नाही. त्यांनी कोणताही कावा केला नाही. तुझ्या घराच्या वतीने बोलायची जागा मी घेतली होती, तुला न विचारता, चांगुलपणाच्या भरात. काट पडू नये म्हणून. त्या जागेतूनच त्यांनी भिंत काढली.

तक्रार कर. मी अडवणार नाही, आणि पालिकेत विचारलं तर हे असंच सांगेन.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. रेघ कोणी मारली ते मी विचारलंच नव्हतं. उद्या विचारते.

पिएदाद

&nbsp;

लोमा दे सान हासिंतो
९ ऑगस्ट १९९३

तार्हेलिया,

उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

इंजिनियर बालसेकांकडे गेले. ते भाजलेला मका खात होते, मलाही मूठभर दिला. मी विचारलं, ही रेघ या बाजूला का?

"बाई, रेघ कुठेतरी मारावीच लागते."

"मधोमध का नाही?"

"मधोमध मारली की दोन घरं ओरडतात. एका अंगाला मारली की एकच. आणि ते घर तर रिकामं."

"रिकामं नाही. मालकीण गुआयाकिलला असते."

"म्हणजे तेच ना," ते म्हणाले. वाईट माणूस नाही. कागदावर त्यांना खरोखरच तेच दिसत होतं. आणि मला माझं जूनचं पत्र आठवलं. 'घर रिकामं असलं म्हणून काय झालं' असं मी तुलाच, त्या घराच्या मालकिणीला, लिहिलं होतं. आराखडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं घर वाचलं म्हणून मला हायसं वाटलं होतं. हायसं वाटलं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

मी रेघ मधोमध मागितली. दोन्हीकडून दीड-दीड मीटर. ते म्हणाले, नियमात बसतं, पण आराखडा बदलला की सगळ्या गल्लीच्या संमत्या नव्याने लागतील, आणि मुदत तीच. "तुमच्या पुढच्या खोलीतून रेघ जाईल, कळतंय ना?"

"घरून मोजूनच निघाले," मी म्हटलं.

ती खोली नार्सिसाच्या दुकानाची. तीन मीटरची खोली, दीड गेली की आरसा आणि खुर्ची यांच्यात गिऱ्हाइकाचे गुडघे मावणार नाहीत. मी तिला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं. पुन्हा तेच, दुसऱ्याच्या वतीने हजर! घरी येऊन विचारलं. तिने सगळे कंगवे पुसून ओळीत लावले. मग म्हणाली, "आई, मला राग आलाय. पण रेघ बरोबर आहे. राग जाईल तेव्हा जाईल."

समितीची बैठक तिच्याच दुकानात भरली, कारण सेगुंदोकाका खुर्चीत होते आणि त्यांचं अर्धं डोकं झालं होतं. मी प्रस्ताव मांडला. मग काय विचारतेस!

"सेक्रेटरीबाई, डोकं फिरलं का? पडली ती पडली. दगड काय पोलिसात जाणार आहेत?"

"हिला एल मिरादोरवाल्यांनी फितवलंय," दारातून कोणीतरी.

"तीन आठवड्यांत सगळ्यांच्या सह्या? माझा मेहुणा तर खाणीवर आहे, महिन्याने उतरतो." हे सेगुंदोकाका.

"त्याच्याकडे मी जाईन," मी म्हटलं.

"आणि मी सहीच केली नाही तर?" सेगुंदोकाका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले.

नार्सिसाने कात्री थांबवली. "काका, दुकान मोडणार माझं. मी हो म्हणतेय. तुम्ही नाही म्हणत असाल तर माझीही आता कापायची इच्छा नाही. असेच जा घरी."

सगळी बैठक हसली. काका नाही हसले. अर्ध्या डोक्याने दहा पावलं चालायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला, "आणा तो कागद. पण लिहून ठेवा, ही जबरदस्ती आहे."

हे तुला खूश करायला लिहिलं नाही. रेघ तुझ्यासाठीही बदलली नाही. ती चुकीची होती म्हणून बदलली. तुझी तक्रार गेली असेल तर तिच्यासकट हे सगळं पालिकेपुढे जाईल. गेली नसेल तरी घाई करू नकोस.

पिएदाद

&nbsp;

गुआयाकिल
१५ ऑगस्ट १९९३

पिएदाद,

सेगुंदोचं अर्धं डोकं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. खालून सून ओरडली, काय झालं? म्हटलं, काही नाही, डोंगरातला विनोद आहे, सूप लागतं समजायला.

तक्रार लिहिली होती. पाठवली नाही. फाडलीही नाही.

आता तुला वरच्या खोलीबद्दल सांगते. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आहे. वारा भरपूर, कारण एका बाजूला भिंत नाही, पत्रा आहे. विल्मेर चांगला मुलगा आहे, त्याला दिसत नाही एवढंच. सून पाहुण्यांना सांगते, "या विल्मेरच्या आई, थोड्या दिवसांसाठी आल्यात." सहा वर्षं झाली. पहिल्यांदा वाटलं, तिला मोजता येत नाही. मग कळलं, ती मला जागा दाखवतेय.

म्हणून मला ती भिंत हवी होती. एलादिओने बांधली म्हणून, हे तर आहेच, पण नुसतं तेवढं नव्हतं. भिंत उभी असली की जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं, या घराला कोणीतरी आहे. इथे गच्चीवर बसून मी मनात रोज ते फाटक उघडत होते. आणि तू लिहिलंस, घासाघीस कसली! मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तू खरंच मला फाटकासाठी अडून बसलेली समजलीस?

नार्सिसाच्या खोलीचं वाचलं. 'समोर मोजपट्टी पोचत नव्हती का' हे मी तुला लाजवायला विचारलं होतं, पोरीचं दुकान मोडायला नाही. तिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी तिला हातात धरलं होतं. जुनी रेघच राहू द्या, घ्या माझे तीन मीटर, असं लिहावंसं वाटतं. लिहवत नाही. दीड मीटर परत मिळाला याचा आनंदही होतोय. दोन्ही एकदम होतंय, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मला विचार करू दे. ढकलू नकोस.

तार्हेलिया

&nbsp;

लोमा दे सान हासिंतो
२४ ऑगस्ट १९९३

तार्हेलिया,

ढकलत नाही. काय झालंय तेवढं कळवते.

मी तुला घासाघीस करणारी समजले, हे खरं आहे. तू इतक्या दूर होतीस की मला तुझ्याबद्दल सोपं काहीतरी वाटून घ्यायचं होतं.

सह्या झाल्या. खाणीवर मी शनिवारी गेले. सेगुंदोकाकांचा मेहुणा म्हणाला, "रस्त्यासाठी एवढं चालत आलात? मग रस्ता हवाच." त्याला सोबत घेऊनच उतरले, नोटरीच्या दारात तो खाणीच्या चिखलाने माखलेल्या बुटांनी उभा होता. वरच्या अंगाची रोसालिया पोट सांभाळत स्वतः खाली आली. म्हणाली, चढ अजून जमतोय तोवर सही करून घ्या. आता फक्त तुझ्या घरापुढची जागा मोकळी आहे.

परवाच्या मिंगेला हजेरीत तुझ्या घराचं नाव वाचलं. मी बोलले नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, त्या घराचं उत्तर त्या घरचंच माणूस देईल. काट मारायला त्यांनी पेन्सिल उचलली, थोडा वेळ तशीच धरली, आणि काट न मारता पुढचं नाव घेतलं. असं त्यांनी आजवर कोणासाठी केलेलं मी पाहिलेलं नाही.

नार्सिसाने खुर्ची स्वयंपाकघरात हलवून बघितली. म्हणते, चुलीजवळ केस लवकर वाळतात. मला माहीत आहे, ती मला धीर देतेय. राग अजून गेलेला नाही, बशा जोरात ठेवते.

सोमवारी, तीस तारखेला, इंजिनियर सकाळी येणार. तुझ्या पाडलेल्या भिंतीच्या जागेपासून माझ्या घराच्या भिंतीपर्यंत दोरी ताणायची आणि मध्य काढून जमिनीवर खूण करायची. खूण झाली, सगळ्या संमत्या जोडलेल्या असल्या, तर त्याच दुपारी परवान्यावर शिक्का.

तू नाही म्हणालीस तर परवाना निघणार नाही. मग मी गल्लीला सांगेन की नाही म्हणायचा तुझा हक्क आहे, आणि जो कोणी तुझ्याबद्दल वाकडं बोलेल त्याच्याशी भांडेन. पण माझी इच्छा लपवत नाही. मला हा रस्ता हवा आहे. यंदा नाही झाला तर पुढच्या वर्षी अर्ज करेन, मधोमधच्या रेघेचा. नाही झाला तर त्याच्या पुढच्या वर्षी. तू परत आलेली असशील, तेव्हा सही मागायला मला फक्त गल्ली ओलांडावी लागेल.

पिएदाद

&nbsp;

गुआयाकिल
२७ ऑगस्ट १९९३

कोमाद्रे,

इथल्या नोटरीकडे गेले होते. त्याने यंत्रावर 'अनुपस्थित मालकीण' असं बडवलं. मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासमोर बसलेय. तो म्हणाला, "बाई, तुम्ही इथे आहात, पण घराच्या दृष्टीने अनुपस्थित." मी म्हटलं, मग घरालाच दाखवून येते. कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि उठले.

तिथून थेट बसस्टँडवर. हे पत्र आब्दोनभाऊ आजच वर नेतील; रविवारी सकाळी त्यांची पुढची गाडी आहे. जायचं तिकीट घेतलं, परतीचं नाही. विल्मेरला सांगितलं. तो रडला. मग पहिल्यांदाच गच्चीवर येऊन पत्र्याकडे बघत उभा राहिला. सुनेने माशाचा डबा बांधून देते म्हटलं. नको म्हटलं नाही.

पोचायला दुपार होईल. माझ्यासाठी कोणी खाली यायची गरज नाही. चढ मला पाठ आहे. नार्सिसाला मात्र दुकान हलवायची घाई करू देऊ नका. माझ्या पुढच्या खोलीला दार रस्त्याकडे करता येतं का ते मी आणि ती उभं राहून बघू. मग ती ठरवेल, मी नाही आणि तुम्हीही नाही.

सेगुंदोला सांगा, सिमेंटचे ठोकळे त्याने स्वतःच्या अंगणात लावावेत. माझी भिंत रेघेच्या आत त्याच दगडांची होईल. पोट सुटलेली झाली तरी चालेल.

सही सोमवारी, आपल्याकडच्या नोटरीसमोर. दीड मीटरला. वर एक बोटही देणार नाही, हे इंजिनियरसाहेबांना आधीच कळवा, म्हणजे मका खाताना ठसका नको.

आणि ते आले की त्यांना मध्ये उभं करा. दोरीचं माझ्या घराकडचं टोक मी धरणार आहे. तुमच्याकडचं तुम्ही धरा, आणि ताणून धरा. मी सैल सोडणार नाही.

तार्हेलिया